विंचवाची पाठ

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं म्हणून मोकळं व्हायची सोय मराठीत फार जुनी आहे. संभाजीनगरच्या पडेगावात जूनच्या अखेरीस खोली बदलणारी पोरं दिसतात. मोटारसायकलवर मागच्याच्या मांडीत गादीची गुंडाळी, हँडलला बादली, पाठीवरच्या सॅकमधून डोकावणारं पोळपाट. टपरीवरचं कुणीतरी ही म्हण टाकतं, पोरंही हसतात, आणि ती निघाली कुठं हे विचारायचं राहून जातं.

म्हणीतला विंचू मात्र नीट पाहण्यासारखा आहे. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लांना जन्म देते. ती मऊ, पांढुरकी पिल्लं तिच्या पायांवरून चढत पाठीवर जाऊन बसतात आणि पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडा-दोन आठवडे, तिथंच राहतात. मग उतरतात आणि आपापल्या वाटेला लागतात. तिला घर नसतं असंही नाही. दगडाखालची सांद असते, जमिनीतलं बीळ असतं. लेकरं पाठीवर असतात ती अंग अजून कोवळं आहे म्हणून. मग घर नसलेल्याला लावायला हाच जीव का निवडला असेल?

विंचवाचा विषय निघाला की मराठवाड्यातल्या माणसाला डॉ. हिंमतराव बावस्कर आठवणारच. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे, गरिबीतून वर आलेले. वैद्यकीचं शिक्षण नागपूरला झालं आणि कामाची जागा ठरली कोकण. तिथं लाल विंचवाच्या दंशानं माणसं हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन जात होती. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी या रुग्णांना दिलं, एकेका रुग्णाची बारकाईनं नोंद ठेवली, आणि ते काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. शंभरातले चाळीसेक दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. 2022मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं अनेकदा सांगून झालेलं आहे. राहून जाते ती एक साधी गोष्ट: खेड्यातल्या मुलाला औषध शोधण्याआधी शहरात पथारी टाकायला जागा लागते. आज देहेडहून एखादा मुलगा संभाजीनगरला शिकायला निघाला, तर ती कुठं मिळेल?

बाबासाहेबांना हा प्रश्न दिसला होता. 1950मध्ये त्यांनी इथं कॉलेज काढलं, तेच पुढं मिलिंद महाविद्यालय झालं. त्याच्या परिसरात, नागसेनवनात, वर्गांच्या सोबतीनं वसतिगृहंही आली. विद्यापीठ 1958चं. छावणी ओलांडली की पडेगाव फार लांब नाही, म्हणून वसतिगृहाच्या यादीत नाव न लागलेल्यांतले काही इकडं येतात. अनुसूचित जातीच्या अशा विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वाधार योजना आहे. 2017च्या शासन निर्णयात अशा शहरासाठी वर्षाला 51,000 रुपये धरले होते: भोजनाला 28,000, निवासाला 15,000, निर्वाहाला 8,000. निवासाचे महिन्याला 1,250 पडतात. तेवढ्यात खोली भागवायची तर तिघं-चौघं एकत्र यावं लागतं. हप्ता वेळेवर मिळत नाही, ही विद्यार्थ्यांची तक्रार तर दरवर्षीची.

खोली कशी असते? खाली मालकाचं कुटुंब, बाजूनं लोखंडी जिना, वर दहा बाय दहा, पत्र्याचं छत आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर ठेवलेले दगड. दाराशी निळा ड्रम. जायकवाडीचं पाणी शहरात रोज येत नाही, उन्हाळ्यात तर आठवडा उलटतो, त्यामुळे भाडं ठरताना पाण्याचं बोलणं आधी होतं. कपडे कधी धुवायचे, हे मालकीणकाकू सांगतात. त्यांनाही टँकर विकतच घ्यावा लागतो.

खालचा प्लॉट वीस बाय तीस. शेतजमिनीचे तुकडे पाडून बाँडपेपरवर विकलेला. अशा शेकडो एकरांवर या शहराची गोरगरीब वस्ती उभी राहिली. अशा वस्त्या नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा 2001चा. नियमित होण्याची मुभा 2021च्या दुरुस्तीनं 31 डिसेंबर 2020पर्यंतच्या बांधकामांना मिळाली. आणि 2025च्या पावसाळ्यात रुंदीकरणासाठी पडेगाव-मिटमिटा रस्त्यावर महापालिकेचे जेसीबी फिरले. रस्ता हवा, हे खरं. पण पाडलेल्या खोल्यांतल्या भाडेकरूचं नाव कुठल्याही कागदावर नसतं, त्याला नोटीसही कोण देणार?

सरकारी घरांचा मार्गही पडेगावातून जात होता. पंतप्रधान आवास योजनेतून पडेगाव, तिसगाव, हर्सूल, सुंदरवाडी इथं मिळून चाळीसेक हजार घरांची, सुमारे चार हजार कोटींची निविदा निघाली. बोली भरणाऱ्या वेगवेगळ्या कंपन्यांचे अर्ज एकाच आयपी पत्त्यावरून आले असल्याचा आरोप झाला, गुन्हा नोंदला गेला, मार्च 2023मध्ये ईडीनं छापे टाकले. ज्यांनी घराच्या आशेनं फॉर्म भरले होते, त्यांची वर्षं गेली. भाडं मात्र दर महिन्याला द्यावंच लागलं.

2011च्या जनगणनेत देशात 17 लाख 73 हजारांच्या आसपास बेघर मोजले गेले. रस्त्याकडेला, फलाटावर, पुलाखाली, सिमेंटच्या मोठ्या पाइपात झोपणारे. दहा बाय दहात चौघं झोपणारे त्यात येत नाहीत, यायलाही नकोत. त्यांच्या डोक्यावर पत्रा आहे. तरी त्यातला एकजण भाडं थकल्यावर मध्यवर्ती बसस्थानकावर रात्र काढतो, सकाळी तिथंच तोंड धुऊन लायब्ररी गाठतो, तेव्हा त्याला कुठल्या रकान्यात घालायचं?

इथवर आलं की गुंठेवारीबद्दलचं मतही डळमळतं. नियमित करावी म्हणावं, तर मालक शुल्क भरणार आणि ते भाड्यात येणार. काकूंनी तरी ते कुठून आणावं? करू नये म्हणावं, तर पुढच्या रुंदीकरणाची टांगती तलवार. जिथं सगळं कायदेशीर आहे, तिथं या पोरांना परवडेल अशी खोली नाही. स्वस्तात सोय केली ती बेकायदा पत्र्यानं, आणि त्याच्या बाजूनं बोलायला धीर होत नाही, विरोधातही होत नाही. वसतिगृहं वाढवा, हे म्हणणं सोपं आणि बरोबरही आहे. पण ती उभी राहीपर्यंत यंदा प्रवेश घेतलेला मुलगा पदवी घेऊन बाहेर पडलेला असेल, किंवा शिक्षण सोडून गावी गेलेला.