एकूण आणि एकुण

या वयात मी पायथन शिकतोय. नातीचा आग्रह. "आजोबा, शब्दकोडी पुरे झाली आता!" सुरुवातीला गणित निवडलं तेही ओळखीचं: सहा विषयांच्या गुणांची बेरीज आणि सरासरी. उभा जन्म गुणपत्रकं भरण्यात गेला, दुसरं काय सुचणार?

परवा ती घरी आली, माझी फाइल बघितली आणि म्हणाली, "तुम्हाला लिंटर बसवून देते." लिंटर म्हणजे कोड तपासणारा प्रोग्राम. १९७८ साली बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी असा तपासनीस लिहिला आणि नाव ठेवलं 'लिंट', म्हणजे कपड्याला चिकटलेले बारीक तंतू. आमच्या व्हीएस कोडमध्ये बसवला तो 'रफ'. एक्स्टेन्शन्समध्ये नाव शोधायचं, इन्स्टॉलवर क्लिक करायचं, झालं. प्रोग्राम चालवावाही लागत नाही. आपण लिहीत असतानाच तो वाचतो आणि चुकीखाली नागमोडी रेघ ओढतो.

लगेच एक रेघ उमटली. पायथनच्या २००८ मधल्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावं देवनागरीतही देता येतात, म्हणून मी हौसेनं मराठी नावं दिली होती. वर 'एकूण', खाली 'एकुण'. रेघेवर माउस नेला तर निरोप आला की असं नाव ठरवलेलंच नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चूक, तीही मराठीच्या मास्तरांची! नात पोट धरून हसली.

दुरुस्त केलं, रेघ गेली. प्रोग्राम चालवला तर शंभरपैकी सरासरी १०२! एकूण ५१० ला मी सहाऐवजी पाचाने भागलं होतं. लिंटर गप्प.

"तो शब्द तपासतो आजोबा. तुम्हाला काय म्हणायचंय ते त्याला कसं कळणार?"

त्या रात्री झोप लागेना. सातवीतल्या एका मुलाची वही आठवत राहिली. निबंध 'माझी आई'. आई चार महिन्यांपूर्वी गेलेली, हे मला ठाऊक होतं. त्यानं लिहिलं होतं, 'आईची चप्पल अजुन दारात आहे.' मी 'अजुन'खाली लाल रेघ मारली. अशा अकरा रेघा मारल्या, दहापैकी चार गुण दिले आणि वही परत केली. मजकुराबद्दल एक शब्द लिहिला नाही. पुढे वर्षभर त्यानं निबंधात पाच ओळींपलीकडे काही लिहिलं नाही.

रेघा चुकीच्या नव्हत्या. पण रेघा मारून झाल्यावर निबंध वाचायचा राहिला, आणि तो वाचणं माझंच काम होतं.

लिंटर मी ठेवलाय. उत्तर मात्र कागदावर एकदा हातानं पडताळून बघतो.

तो मुलगा आता पन्नाशीत असेल. चुकून इथे आलास तर सांगतो, बाळा, निबंध चांगला होता रे तुझा.