गळून जाणारं मेण

मेणबत्ती जास्त वेळ कशी पुरवावी याचे सल्ले घरोघरी ऐकू येतात. कुणी आदल्या रात्री ती फ्रीजरमध्ये ठेवायला सांगतं, कुणी वातीभोवती चिमूटभर मीठ टाकायला. अशा सल्ल्यांमागे एक समजूत दडलेली असते, की काहीतरी युक्ती केली तर कमी मेणात तेवढाच उजेड मिळेल. मला ही समजूतच पटत नाही. ज्योत जेवढा उजेड देते, त्या मानाने मेण ती खाणारच, आणि त्या हिशेबात घरबसल्या फारसा फरक पाडता येत नाही. आपल्या हातात आहे ते दुसरंच मेण, जे जळत नाही, उजेडही देत नाही, नुसतं ओघळून बशीत थिजतं. मेणबत्ती टिकवायची म्हणजे हे मेण गळू द्यायचं नाही. बाकीच्या युक्त्या यापुढे किरकोळ आहेत.

उजेड आणि खर्च एकमेकांना किती घट्ट बांधलेले आहेत, याचा पुरावा उजेड मोजण्याच्या इतिहासातच सापडतो. ब्रिटनमध्ये 1860 च्या कायद्याने गॅसच्या दिव्यांचा उजेड मोजण्यासाठी एक प्रमाण ठरवलं, आणि ते प्रमाण म्हणजे चक्क एक मेणबत्ती होती. ती देवमाशाच्या डोक्यातून मिळणाऱ्या मेणासारख्या पदार्थाची, सुमारे 75 ग्रॅम वजनाची, आणि तासाला 120 ग्रेन, म्हणजे पावणेआठ ग्रॅमच्या आसपास, जळणारी असावी अशी अट होती. तिचा उजेड म्हणजे एक ‘कँडलपॉवर’. उजेडाचं माप ठरवताना जळण्याचा वेगही ठरवावा लागला, कारण वेग बदलला की उजेडही बदलतो. या हिशेबाने ती मेणबत्ती साडेनऊ-पावणेदहा तास पुरायची. एखाद्या युक्तीने ती पंधरा तास चालवली असती, तर ती प्रमाण मेणबत्ती राहिलीच नसती, कारण तिची ज्योत मंदावलेली असती.

याच कसोटीवर फ्रीजर आणि मीठ तपासून पाहता येतं. गार मेण वितळायला थोडी जास्त उष्णता लागते, हे खरंच आहे. पण घरगुती मेणबत्ती बारीक असते, खोलीतल्या हवेत ती तासाभरात पुन्हा कोमट होते, आणि ती जळते मात्र त्याहून कितीतरी जास्त वेळ. शिवाय जळणाऱ्या मेणातून निघणारी उष्णता एवढी मोठी असते, की त्यापुढे या गारव्याची किंमत नगण्य ठरते. फायदा झालाच तर पहिल्या काही मिनिटांपुरता, आणि एकदम गरम-गार झाल्याने मेणबत्तीला तडा जाण्याची भीती वेगळीच. मीठ तर मेणात विरघळतच नाही. ते वितळलेल्या मेणाच्या तळाशी बसतं, किंवा वातीला चिकटून मेण वर चढण्याची वाट अडवतं. त्याने ज्योत लहान झाली तर मेणबत्ती जास्त वेळ चालेलही, पण त्या वेळात उजेड कमी पडेल. तासांचा आकडा वाढला म्हणून बचत झाली असं धरायचं असेल, तर विझवून ठेवलेली मेणबत्ती सगळ्यात काटकसरी म्हणावी लागेल.

मग खरी गळती कुठे होते? लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं देताना मायकेल फॅरडे यांनी याचं सुरेख स्पष्टीकरण दिलं होतं. ज्योतीच्या उष्णतेने गरम झालेली हवा वर जाते, तिची जागा घ्यायला चारी बाजूंनी गार हवा येते, आणि ती मेणबत्तीची कड गार ठेवते. मधलं मेण वितळतं, कड मात्र घट्ट राहते, म्हणून वरती एक छोटी वाटी तयार होते. वितळलेलं मेण त्या वाटीत साठतं आणि वातीतून हळूहळू वर जातं. बाजूने वारा लागला की ज्योत कलते, वाटीची एक कड वितळून फुटते आणि साठलेलं मेण ओघळून जातं. मेणबत्ती तिरकी चिकटवली तरी हेच होतं. म्हणून पंखा, खिडकी आणि दाराच्या फटीपासून दूर, अगदी सरळ उभी मेणबत्ती हाच टिकवण्याचा पहिला आणि सगळ्यात मोठा उपाय. वारा टाळता येत नसेल तर भोवती काच हवी, पण खालून हवा येण्याइतकी उघडी. नाहीतर ज्योत गुदमरते आणि काजळी धरते. मागे घासलेलं स्टीलचं ताट उभं केलं तर कामाच्या बाजूला उजेड वाढतो, आणि दोन मेणबत्त्यांच्या जागी एकीवर भागतं. ही बचत ज्योतीला मंद न करता होते.

यावर असा आक्षेप येईल, की वात कापणं हा तर सगळीकडे सांगितलेला उपाय आहे, तो का विसरायचा? विसरू नये, पण तो कशासाठी आहे ते पाहावं. जाड किंवा काचेच्या भांड्यातल्या मेणबत्तीची वात लांब झाली तर जास्त मेण वर येतं, त्या सगळ्याला हवा पुरत नाही, आणि अर्धवट जळालेल्या मेणाचा काळा धूर होतो. तिथे पाचेक मिलिमीटरपर्यंत वात छाटावी. विणलेली वात मात्र जळताना वाकते, तिचं टोक ज्योतीच्या बाहेरच्या हवेत जाऊन आपोआप भस्म होतं, म्हणून बारीक मेणबत्तीला फारसं छाटावं लागत नाही. चरबीच्या मेणबत्त्यांच्या काळात यासाठी खास कात्री बाळगावी लागत असे.

दुसरा आक्षेप अधिक वाजवी वाटतो. बॅटरी आणि इन्व्हर्टरच्या काळात पाच-दहा रुपयांच्या वस्तूची एवढी चिंता कशाला? 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. अशा वेळी इन्व्हर्टर उतरतो, फोन बंद पडतो आणि दुकानही उघडं नसतं. तेव्हा मेणबत्तीची किंमत रुपयांत नसते, घरात उरलेल्या तासांत असते. ते तास वाढवायला कोणतीही गूढ युक्ती लागत नाही. ज्याला पटत नसेल त्याने स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तपासावं: एक मेणबत्ती पंख्याखाली आणि एक आडोशाला लावून, बशीत ओघळलेलं मेण तासाभराने वेगळं तोलावं. जळून गेलेल्या मेणाने उजेड तरी दिलेला असतो. बशीतल्या मेणाने काहीच दिलेलं नसतं.