दिल्लीची स्वस्त एसयूव्ही गावाकडे नेताय? आधी हा हिशेब करा

तुमच्याही ओळखीत कोणीतरी असं असेलच, ज्याने दिल्लीहून जुनी डिझेल गाडी आणली आणि ‘दीड लाख वाचवले’ म्हणून सगळ्यांना सांगितलं. आमच्या घरी हे वारं गेल्या वर्षी शिरलं. बाबा नाशिकला निवृत्त झाले होते. ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत होते आणि मनात बऱ्याच वर्षांपासून उंच, दणकट गाडी होती. मी नोएडात कंटेंट रायटिंगची नोकरी करते. त्यामुळे ‘तू तिथेच आहेस, जरा गाड्या बघ’ हे काम माझ्याकडे आलं. सहा आठवडे मी शनिवार-रविवार गाड्या बघितल्या. त्यातून जे कळलं, ते तुमच्या कामी यावं म्हणून लिहितेय.

इथे गाड्या स्वस्त का?

राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांवर बंदी आणली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना दिल्लीच्या पंपांवर इंधन द्यायचं नाही असा नियम आला आणि काही दिवसांतच तो थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने फक्त वयाच्या कारणावरून कठोर कारवाई नको असं सांगितलं. डिसेंबरमध्ये ही सवलत बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरती राहिली. त्यात हिवाळ्यात प्रदूषण वाढलं की बीएस-४ डिझेल गाड्याही काही दिवस रस्त्यावर आणता येत नाहीत. या सगळ्या अनिश्चिततेला कंटाळून मालक नऊ वर्षांची गाडी विकून मोकळा होतो. महाराष्ट्रात १० वर्षांची अट नाही, म्हणून ती गाडी आपल्याला खुणावते.

म्हणजे गाडी स्वस्त आहे ती नियमामुळे. पण मालकाला ती विकायचीच आहे हे ठरलं, की शेवटची दोन वर्षं तो तिच्यावर खर्च करेल का? हा प्रश्न मला एका वयस्कर मिस्त्रीने विचारला आणि मग मी गाडीच्या रंगाकडे बघणं सोडलं.

गाडी थंड असताना बघा

विक्रेत्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. गरम असेल तर काहीतरी झाकलं जातंय असं समजा. थंड इंजिन सुरू व्हायला वेळ घेतंय का ते बघा आणि सायलेन्सरच्या मागे उभे राहा. खूप काळा धूर म्हणजे इंजेक्टर, हवेचा मार्ग किंवा ईजीआर व्हॉल्व्ह यांत बिघाड असू शकतो. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय आणि दोष टर्बोमध्ये किंवा इंजिनच्या आत असू शकतो. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. या तिन्हींपैकी काही दिसलं तर भाव करत बसू नका.

मग चालवून बघा. चढावर किंवा वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पळत नाही? क्लच संपलाय. गतिरोधकावर खालून ‘खट्-खट्’ येतं? बुश, बॉल जॉइंट किंवा शॉकॲब्सॉर्बर गेलेत. जड गाड्यांमध्ये हे लवकर झिजतात. आणखी एक गोष्ट विचारा, टायमिंग बेल्ट आहे की चेन? उदाहरणार्थ, डस्टरच्या १.५ लिटर डिझेल इंजिनात बेल्ट असतो. तो वेळेवर बदलल्याची पावती नसेल तर तो खर्च स्वतःच्या माथी धरा. चालू गाडीत बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन आपटतात आणि काही हजारांचं काम लाखाकडे जातं.

सीटखालचा गाळ

जुलै २०२३ मध्ये यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर गेली होती. एरवीही पावसाळ्यात इथले अंडरपास आणि बेसमेंट भरतात. एका विक्रेत्याकडची गाडी मला फारच आवडली होती. आतून चकाचक, सुगंधी फवारा मारलेला. मिस्त्रीने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर टोकाला मातीची सरळ रेघ. सीटच्या रुळांखाली वाळलेला गाळ आणि बोल्टवर गंज. विक्रेता म्हणाला, धूळ आहे. आम्ही निघालो. पाण्यात बुडालेल्या गाडीची वायरिंग आज चालते आणि सहा महिन्यांनी रस्त्यात दगा देते. आजीला दवाखान्यात नेताना ती बंद पडली असती तर, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

एक मात्र दिल्लीच्या बाजूने सांगायला हवं. इथली हवा कोरडी, त्यामुळे कोकण-मुंबईच्या गाड्यांना लागतो तसा खारा गंज इथे सहसा दिसत नाही. म्हणूनच गंज दिसला तर कारण विचारा.

कागदावर मांडलेला खर्च

शेवटी एक २०१६ ची सात सीटर पसंत पडली. इंजिन ठणठणीत. किंमत ३ लाख ६० हजार. तशीच गाडी नाशिकला ५ लाख २० हजारांना मिळत होती. फरक १ लाख ६० हजारांचा. बाबा फोनवर खूश होते. मग मिस्त्रीने पिटवर गाडी बघून अंदाज दिला:

क्लच सेट, मजुरीसह – २२ हजार
पुढचं सस्पेन्शन – २८ हजार
चार टायर – ३६ हजार
एसीची गळती आणि गॅस – ९ हजार

झाले ९५ हजार. नाशिकपर्यंत डिझेल आणि टोल धरून १३ हजार. महाराष्ट्रात नव्याने नोंदणी करताना रोड टॅक्स भरावा लागतो. बाबांनी आरटीओत चौकशी करून या गाडीसाठी तो आणि बाकीचा खर्च मिळून सुमारे ४० हजार धरला. एकूण १ लाख ४८ हजार. वाचणार होते १२ हजार. आणि यात टर्बो, इंजेक्टर काहीच धरलेलं नव्हतं. मिस्त्रीच्या मते त्या गाडीचा एकेक इंजेक्टर नवा घ्यायचा तर १५ हजारांच्या आसपास, आणि ते असतात चार.

तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील. पण रकाने हेच ठेवा. काश्मिरी गेटच्या बाजारात सुटे भाग स्वस्त मिळतात हे खरं, मायापुरीत जुनेही मिळतात. पण ब्रेक, स्टिअरिंग आणि टायमिंग बेल्ट यांत जुना किंवा बिनपावतीचा माल घेऊ नका.

कागदपत्रांचं काय?

आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. वाहन पोर्टलवर थकीत चलान आणि विमा तपासा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरलेला हवा. दुसऱ्या राज्यात नेण्यासाठी आरटीओची एनओसी लागते, ती हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. आणि या बाबतीत नियम सतत बदलतात, म्हणून खरेदीच्या आठवड्यात ताजी स्थिती दोन्हीकडच्या आरटीओत विचारा.

मग आम्ही काय केलं?

बाबा दोन दिवस गप्प होते. मला वाईट वाटत होतं, कारण ही हौस त्यांनी माझ्या आणि दादाच्या फीपायी पंधरा वर्षं मागे ठेवली होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच फोन केला, ‘१२ हजारांसाठी १३०० किलोमीटर कशाला?’ नाशिकला ओळखीतल्या एका काकांची गाडी निघाली, थोडी महाग, पण सगळ्या सर्व्हिसच्या पावत्या फाइलमध्ये लावलेल्या. तीच घेतली. आजीला चढायला उंच पडते, म्हणून डिकीत एक छोटा लाकडी पाट असतो.

तुम्हाला दिल्लीचीच गाडी परवडत असेल तर जरूर घ्या, चांगल्या गाड्या इथेही आहेत. फक्त तीन कामं करा. आपला मिस्त्री सोबत न्या, त्याचे हजार-दोन हजार खुशीने द्या. किमतीच्या वर किमान चौथा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. आणि घरच्या माणसांसोबत बसून तो हिशेब पेनाने कागदावर मांडा. तोंडी हिशेबात गाडी नेहमीच स्वस्त पडते.