दंडाच्या आकड्यात न मावलेलं

निवटी मासळी. ओहोटीला खाडीच्या चिखलावर उड्या मारायची, हाताने धरावी लागायची. मिठाने चोळून चिकटा काढायचा, मग कालवण. आता डोंबिवलीच्या बाजारात निवटी दिसलीच, तर गिऱ्हाईक भावाआधी विचारतं, "कुठल्या खाडीची?" विकणारी मावशी लांबच्या गावाचं नाव घेते. कल्याणच्या खाडीचं घेतलं तर पाटी खपत नाही.

बोईट, जिताडा, चिंबोरी. अजून सापडतात, कमी. आणि शिजवताना रॉकेलचा वास सुटतो.

पागाचं जाळं टाकायला उतरणारी माणसं. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, तर अंगाला खाज.

वालधुनी नदीत पाय धुऊन देवळात जाणं. अंबरनाथचं शिवमंदिर शके 982चं, म्हणजे 1060चं. नदी त्याला खेटून वाहते, पण त्या पाण्यात पाय घालावा असं कुणालाच वाटत नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरात टँकरमधून तिच्यात रसायन सोडलं गेलं आणि वायूने शेकडो माणसं इस्पितळात गेली. माणसं घरात झोपलेली होती.

पाण्याचा आणि पावसाचा आपला रंग. जानेवारी 2014 मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, फेब्रुवारी 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला.

नद्यांच्या प्रदूषणाचं गाऱ्हाणं तर 2013 मध्येच कोर्टात गेलं होतं. 'वनशक्ती' संस्थेने उल्हास आणि वालधुनी नद्यांसाठी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे दाद मागितली. जुलै 2015 मध्ये लवादाने सांडपाणी प्रक्रिया केंद्रं आणि पालिकांवर मिळून सुमारे 95 कोटींचा दंड लावला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. लवादाचा तो निकाल मोठाच होता, आणि ज्यांनी तो लढून मिळवला त्यांचे उपकार आहेत. पण दंडाचा हिशेब लिटरांत आणि रुपयांत होतो. निवटी त्यात कुठे धरायची?

मुदतही हळूहळू नाहीशी होणारी वस्तू आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या कारखान्यांना प्रक्रिया यंत्रणेसाठी तीन महिने दिले, पालिकांना तीन वर्षं. ती तीन वर्षं सरून किती काळ लोटला! मोहन्याजवळ याच उल्हासचं पाणी उचलून कल्याण-डोंबिवलीच्या नळांना जातं, आणि उल्हासनगरचा खेमाणी नाला त्याच पट्ट्यात नदीला मिळतो. हे ठाऊक असूनही नळ उघडताना आपण थबकत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कायदा दुबळा नाही. प्रदूषण करणाऱ्याची वीज आणि पाणी तोडण्याचा अधिकार प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे 1988पासून आहे. तो वापरायचा तर पुरावा हवा, आणि पुरावा भर दुपारी, आधी कळवून मिळत नाही. नमुना रात्री घ्या, पहिल्या पावसात घ्या. सोबत खाडीवरचा एखादा जुना पागवाला न्या. कुठल्या नाल्याच्या तोंडातून कधी काय सुटतं, ते त्याला नाकाने कळतं. आणि पंचनाम्यावर त्याचीही सही घ्या.