किल्ली आमची, सही डॉक्टरांची

औषधांच्या कपाटाची किल्ली आम्हा परिचारिकांकडे असते. औषध ठरवण्याचा अधिकार आमचा नसतो. डॉक्टरांनी केसपेपरवर लिहावे, आम्ही द्यावे. त्याआधी रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ या पाच गोष्टी ताडून पाहाव्यात. दिल्यावर लगेच नोंद करून सही करावी.

रात्री दोन वाजता एखादी अम्मी विनवते, "सिस्टर, बच्चे का दर्द देखा नहीं जाता, कुछ तो दो!" तरी आम्ही आधी फोन उचलतो. हा नियम आम्हाला निर्दय वाटत नाही. चुकून दिलेले इंजेक्शन परत काढून घेता येत नाही.

पण २०१९च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम ३२ने सामुदायिक आरोग्य सेवकाला प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेत ठराविक औषधे स्वतः लिहून देण्याच्या मर्यादित परवान्याची तरतूद केली. मग रात्रीच्या वॉर्डात ठराविक औषधांपुरती लेखी मुभा आम्हाला का नसावी? फोनवर 'देऊन टाका' म्हणणारे सकाळी सही करायला विसरतात आणि जाब सिस्टरला द्यावा लागतो. आम्हाला मोठेपणा नको. जबाबदारी आमच्यावर येते, तर अधिकारही कागदावर यावा.