लांबलेला खटला कधी थांबवावा?

सातारा-सांगलीच्या फौजदारी कोर्टांतली जुनी फाइल हाती आली की मी आधी रोजनामा वाचतो, दोषारोपपत्र नंतर. आरोपी हजर. साक्षीदार गैरहजर. समन्स बजावणीविना परत. सरकारी वकिलांचा मुदतीचा अर्ज. खंबाटकी घाटात ट्रकचा दुचाकीला धक्का लागल्याची केस घ्या. वर्षे उलटतात, पंच वारतो, तपासी अंमलदार निवृत्त होतो. चालक मात्र मजुरी बुडवून दर तारखेला उभा. त्याच्या बाजूने बोलू शकेल अशा टपरीवाल्याला आता काहीच आठवत नाही. असा खटला चालवणे मला अन्याय वाटतो.

१९८२ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडावे लागलेले बॅ. अंतुले यांच्यावरचा खटला वर्षानुवर्षे कोर्टाकोर्टांत फिरला. त्यातूनच डिसेंबर १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींचा निकाल आला. जलद सुनावणीचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्येच आहे, तपासापासून अपिलापर्यंत; आणि आरोपीने ‘लवकर चालवा’ असे कधी म्हटले नाही, एवढ्यावरून त्याची तक्रार उडवता येत नाही. पण अमुक वर्षे झाली की खटला संपला, अशी मुदत न्यायालयाने घातली नाही. अंतुले यांचा खटलाही रद्द केला नाही. पुढे काही निकालांनी मुदती घातल्या. २००२ मध्ये सात न्यायमूर्तींनी त्या मोडीत काढल्या. योग्यच केले. ठरावीक मुदत असती, तर पैसेवाल्या आरोपीने नुसत्या तारखा मागून ती गाठली असती आणि फिर्यादी बाई हात चोळत घरी गेली असती.

म्हणून उशीर कोणामुळे झाला, हाच खरा प्रश्न. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात कथित गुन्हे १९८१ चे, फिर्याद १९८७ ची, दोषारोपपत्र १९९१ चे आणि १९९९ पर्यंत हालचाल शून्य. घटनेच्या वेळी आरोपी जेमतेम अठरा वर्षांचा. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यापुरता तो खटला रद्द केला.

किरकोळ गुन्ह्यांसाठी एवढे वर जावेही लागत नाही. पोलिसांनी दाखल केलेली समन्स केस प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी कारणे नोंदवून थांबवू शकतात. जुने कलम २५८, आता नागरिक सुरक्षा संहितेचे २८१. ही तरतूद वापरा, असे २००२ च्या निकालातच म्हटले आहे. तरी वाई, विटा, तासगावला असा अर्ज माझ्या पाहण्यात क्वचितच येतो. जखमीचा भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे वेगळा चालतो, फौजदारी केस थांबली म्हणून तो बुडत नाही. हे मात्र त्याला कोणीतरी नीट सांगायला हवे.

मोठ्या गुन्ह्यांसाठी उच्च न्यायालयच. त्यासाठी मुंबई गाठावी लागे आणि अनेकांची केस खर्चापायीच अडून राही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले. सातारा, सांगली त्याच्याच कक्षेत. सांगलीचा पक्षकार सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी घरी येतो. तालुक्याच्या तरुण वकिलांनी खटला रद्द करण्याच्या याचिका आता स्वतःच लिहाव्यात. प्रत्येक तारीख कोणी मागितली याचा तक्ता जोडावा, आणि त्यात आपल्या पक्षकाराने मागितलेल्या तारखाही लपवू नयेत.