थेंबांचा जमाखर्च

कोल्हापूरच्या माणसाला पाणी जपून वापरण्यास सांगणे म्हणजे सावकाराच्या मुलाला काटकसर शिकवण्यासारखेच होय. पंचगंगा उशाशी, रंकाळा डोळ्यांपुढे आणि राधानगरीचे धरण बांधावयास घेणारा राजा लाभलेला! तेव्हा आमच्या कचेरीतील नळ अहोरात्र ठिबकत असे, याचे कोणास वैषम्य वाटत नसे. मी कुरकुर केली, तेव्हा हेडक्लार्क हसून म्हणाले, "अहो, थेंबांचा कसला हिशेब मांडता? नदी का आटते आहे?"

नदी आटत नाही, हे खरे. पण 2019 च्या ऑगस्टात तीच नदी गावात शिरली, उपसा केंद्रे बुडाली आणि नळ कोरडे पडले. अंगणात कमरेइतके पाणी, हातात मात्र रिकामी घागर! नळाला येते ते नुसते नदीचे पाणी नव्हे. ते विजेने उचललेले, गाळून निवळलेले पाणी असते, हे त्या आठवड्यात साऱ्या गावाला कळले. दर सेकंदास एक थेंब, म्हणजे दिवसाकाठी 86,400 थेंब. आणि प्रत्येकाच्या पाठीशी कोठेतरी जळालेल्या दगडी कोळशाचा कण. आता हेडक्लार्कांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. शास्त्राच्या हिशेबाने एक युनिट विजेत हजार लिटर पाणी 367 मीटर चढावे. पंप आणि घर्षण आपली दस्तुरी कापून घेतात, तरी रक्कम लहानच. परंतु तेच हजार लिटर तीस अंशांनी तापवू गेल्यास सुमारे 35 युनिटे लागतात. खरी उधळपट्टी ऊन पाण्याची!

हे मर्म साखर कारखान्यात उत्तम दिसते. उसाच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. गुऱ्हाळात काहिलीवरची ती गोड वासाची वाफ आभाळात जाते, आणि तिचा मोह मलाही आहे. कारखान्यात मात्र ती कोंडून, निववून पुन्हा पाणी करता येते, आणि तेही कढत. ते बॉयलरला परत दिले, चरकातल्या चिपाडावर शिंपडले, की नदीतून उपसा कमी होतो, जळणाचे चिपाड शिल्लक उरते आणि त्यावर केलेली वीज विकता येते. कोळसा तेवढाच वाचतो. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्यास याचे नवल सांगू नये; रात्री-अपरात्री वीज आली की उठून, पंप लावून ते पाणी उसात त्यानेच तर भरलेले असते.